इस्ता, तू बरी झाली नव्हतीस

इस्ता,

रविवारी चर्चच्या मंडपात सगळ्यांनी मिळून तुला बरं करून टाकलं. तुझ्यावरची माती अजून ओली होती. पाळकांनी प्रार्थना केली ती ठीक, ते त्यांचं काम. मग तुझ्या पुस्तकाचे संपादक उभे राहिले. रात्रभर बसमध्ये बसून पुण्याहून आले होते बिचारे, डोळे सुजलेले. म्हणाले, "एस्तेर कोवळ्या वयात मोठ्या आघातातून गेली. पण चित्रांनी तिला बरं केलं. तिचं ग्राफिक नॉव्हेल ही तिच्या बरं होण्याचीच गोष्ट आहे." लोक माना हलवत होते. तुझी आई पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली. मी मागच्या सतरंजीवर होते. मला इतका राग आला की चपला शोधायलाही थांबले नाही, अनवाणी उठून हातपंपावर गेले आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

त्याआधी त्यांनी माझी ओळख करून दिली होती. "या सविताताई, एस्तेरच्या स्थानिक सहकारी." स्थानिक! त्या पुस्तकातला शब्द न् शब्द मी लिहिलाय. आपल्या पाड्याच्या अख्ख्या फळीत, हिंदूंच्या घरांत काय आणि तुम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांत काय, बी.ए. झालेली पहिली मी. माझा निकाल लागला त्या दिवशी तू कोंबडीच्या डोक्यावर पदवीची टोपी घातलेलं चित्र काढून आमच्या दाराला चिकटवलं होतंस, आणि तेव्हापासून नाव टाकून मला "ए बी.ए." म्हणायला लागलीस. "ए बी.ए., पाणी आण." "ए बी.ए., विस्तव फुंक." तो मान मला चालत होता. हा नको.

पण राग माझ्या मानापानाचा नाही. 'बरी झाली' या शब्दाचा आहे. मंडपात बसलेल्यांना तुझं काय झालं होतं तेच माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण मी कुंपणावर बसून सगळं पाहिलंय.

नववीत होतो आपण. तुझे बाबा हायवेजवळच्या पोल्ट्रीत कामाला होते. शेडमधल्या कोंबड्यांना रोग लागला, शेडं रिकामी झाली, आणि मग हुकूम आला की आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारायच्या. पांढरे झगे घातलेली माणसं भर दुपारी फळीत शिरली. कोंबडी दिवसाउजेडी धरायला जायचं एवढं अज्ञान फक्त सरकारकडे असू शकतं. शेडमधली कोंबडी उभ्या जागी हाती लागते. आपल्या कोंबड्या कौलांवर, तुरीत, काट्याच्या कुंपणात. झगेवाले धावत होते, पडत होते, एकाचा झगा बाभळीला अडकून टर्रकन फाटला. आपण सगळी पोरं खदाखदा हसत होतो. तूही हसत होतीस. ते मला लख्ख आठवतं, कारण त्यानंतर बराच काळ तुझे दात मी पाहिले नाहीत.

त्यांच्यातला एक शिपाई, धानोऱ्याकडचा, धापा टाकत तुमच्या ओट्यावर बसला. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाला, "या कोंबड्या शेतस का माकडं?"

आणि माझा बाप, माझाच बाप, कौतुकानं बोलून गेला, "त्या इस्तानं हाक मारली की सगळ्या येतात."

खरंच होतं ते. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या घराची हाक वेगळी आणि कोंबडी आपल्याच घरच्या हाकेला येते. पण फळीतली माणसं मजुरीला गुजरातेत गेली की त्यांच्या कोंबड्या तुमच्याकडे राहायच्या, दाणे तू टाकायचीस. म्हणून फळीतल्या सगळ्याच कोंबड्यांना तुझा गळा ठाऊक.

शिपाई तुला म्हणाला, "बलाव ना व पोरी त्यास्ले. तपासीसन सोडी देसूत."

तपासून सोडून देऊ. मूठभर मका त्यानं तुझ्या हातावर ठेवला. तू हाक मारलीस. कौलांवरून उतरल्या, तुरीतून धावत आल्या, पंख पसरून, माना पुढे काढून, जशा रोज यायच्या तशा. आमच्या घरची याहामोगी देवीला नवस बोललेली कोंबडीही आली, पायात लाल दोरा बांधलेली. तुझ्या पायांभोवती दाटी झाली. मग पोती उघडली. मग जेसीबीचा खड्डा आणि चुना. तू तिथंच उभी होतीस. मका तुझ्या मुठीतच राहिला होता, कारण टाकायची वेळच आली नाही.

संध्याकाळी माझा बाप ओट्यावर बसून म्हणाला, "देवाची कोंबडी होती. त्या पोरीनं बोलावून घेतली." तुझ्या गळ्याची जाहिरात कोणी केली ते तो विसरला. सगळी फळीच विसरली. पोरं तुला 'खड्डेवाली' म्हणायला लागली. बायका पाण्यावर तुझ्या आईशी बोलेनात. तू हाक मारायची सोडलीस, आणि हळूहळू बोलायचीच सोडलीस. त्या वर्षी शाळाही सुटली तुझी.

यात चित्रं कुठून आली ते मी सांगते, संपादकसाहेबांनी सांगायची गरज नाही. रिकाम्या शेडमध्ये अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेंची थप्पी पडून होती. तू चुलीतला कोळसा घेऊन तिथं जाऊन बसायचीस आणि ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक कोंबडी काढायचीस. मी शाळेतून येताना तिथं थांबायचे. तू बोलायची नाहीस, मी वाणिज्य घ्यावं की कला यावर एकटीच बडबडायचे. एकदा तू काढता काढता उठून बाहेर गेलीस, उलटी केलीस, तोंड पुसून परत आलीस आणि उरलेले खळगे भरायला बसलीस.

मी विचारलं, "काढून बरं वाटतं का तुला?"

कितीतरी दिवसांनी तू मला उत्तर दिलंस. "नाही. नाही काढलं तर जास्त वाईट वाटतं."

हे मंडपात कोणी का नाही सांगितलं?

पुस्तक बऱ्याच वर्षांनी सुरू झालं. नंदुरबारच्या एका शिबिरात या साहेबांनी तुझी पानं पाहिली आणि ते थेट आपल्या फळीत आले. माणूस वाईट नाही, इस्ता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. कागद त्यांनी पाठवला, शाई त्यांनी पाठवली, तुझ्या पानावरच्या चौकटी अंड्याच्या ट्रेसारख्या ओळीनं बारक्या बारक्या होत्या, त्या वाचकाला झेपणार नाहीत असं म्हणत म्हणत शेवटी त्यांनी मान्यही केल्या. पण ओट्यावर बसून, चहाचा कप गुडघ्यावर धरून, खालच्या आवाजात त्यांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. "एस्तेर, म्हणजे फक्त कोंबड्याच? आणखी काही घडलं होतं का? सांगायला अवघड जावं असं?"

तू म्हणालीस, "हो."

ते पुढे सरकले.

तू म्हणालीस, "एक कोंबडाही होता."

मी हसू लपवायला घरात पळाले. तुझी आई चुलीपुढे बसून तोंडावर हात धरून हलत होती. साहेबांना कळेना, हसावं की माफी मागावी. पण मला नंतर त्या प्रश्नाचा संतापच आला, आणि तो अजून गेलेला नाही. आपल्यासारख्यांच्या पोरीचं दुःख त्यांना पटावं म्हणून ते आणखी किती मोठं असायला हवं होतं? शहरातल्या कोणाचा कुत्रा मेला तर लोक रजा काढतात. तुझ्या हाकेवर भरवसा ठेवून आलेला सगळा गोतावळा तुझ्या डोळ्यांदेखत पोत्यात गेला, आणि तुला विचारतात, फक्त एवढंच?

त्या पुस्तकातल्या पोरीच्या तोंडाजवळ तू बोलण्याचा फुगा काढायचीस आणि तो रिकामा ठेवायचीस. शिपाई बोलतो, माझा बाप बोलतो, पाण्यावरच्या बायका बोलतात, सगळ्यांचे फुगे मी भरले. तिचा एकही नाही. हाक मारतानाचं पान आहे, पानभर कोंबड्या धावत येताहेत, आणि मध्ये एवढा मोठा पांढरा फुगा. ते पान काढलंस तेव्हा तुला ताप भरला होता. मी सुरुवातीपासून भांडत होते, "एकदा तरी बोलू दे तिला. शेवटी तरी."

"का?"

"वाचणाऱ्याला कळायला नको का ती बरी झाली ते?"

"झाली का?"

"तू बोलतेस की आता! हसतेस. माझी टिंगल करतेस."

"टिंगल करायला बरं व्हावं लागत नाही, बी.ए."

असं आपलं चालायचं. आणि मग ते मोहाच्या झाडाखालचं झालं, ज्यावरून मला वाटलं की आता तरी ही हरली.

तुझी काही पानं झाली होती, ती तू मोहाखाली दोरीवर चिमट्यांनी लावलीस. कोणाला बोलावलं नाहीस. लोक आपोआप जमले. आधी लांबून, मग पानाला नाक लागेल इतके जवळ. सगळ्यात आधी एलियाकाका बोलले, "हा माझा कोंबडा का? एवढा बारका? अगं, तो दारात उभा राहिला की पाहुणा परत जायचा!"

तू पेन्सिल काढून तिथंच त्याला मोठा केलास.

"आणि शेपटी? शेपटीला काय वाळवी लागली?"

शेपटीही वाढवलीस. मग सगळ्यांनाच तोंड फुटलं. एक म्हणे, माझी कोंबडी टकली होती, मानेवर पिसं नव्हती. दुसरी म्हणे, माझ्या दोघी बहिणी होत्या, एकीशिवाय दुसरी हलायची नाही, तू त्यांना लांब लांब का काढलंस. एक काकू म्हणाली, माझी लाल होती. तू म्हणालीस, काळ्या-पांढऱ्यात लाल कुठून आणू? तर काकू म्हणाली, "मग जास्त काळी कर." ज्या तोंडांनी तुला खड्डेवाली केलं तीच तोंडं तुझ्याभोवती दाटी करून आपापली कोंबडी वळणावर आणत होती. माझा बाप सगळ्यात शेवटी आला. वाकून बघत राहिला. देवाच्या कोंबडीच्या पायात तू दोरा काढला होतास, केसाएवढा बारीक. बाप सरळ झाला, खिशातून बिडी काढली आणि पेटवायची विसरला. जाताना तुला म्हणाला, "जेवायला ये घरी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तू आलीस, दोन भाकरी जास्त खाल्ल्यास, आणि भाजीत मीठ कमी आहे हेही सांगितलंस.

परत सोडायला आले तेव्हा मी जिंकल्यासारखी म्हणाले, "आता? आता तरी लिही शेवटी, की झाली बरी."

तू दोरीवरची पानं गोळा करत होतीस. म्हणालीस, "ते बरे झाले. मी नाही."

मला तेव्हा तुझा राग आला होता. एवढं सगळं झाल्यावरही ही अडून बसते म्हणजे काय. आणि आज त्याच वाक्यावर माझा सगळा जीव अडकलाय, कारण त्यानंतर आपण त्यावर नीट बोललोच नाही. वेळ होता तेव्हा आपण इतर शंभर गोष्टींवर भांडलो. कागद कुठला, शाई कुठली, माझी वाक्यं लांब का, तू गोळ्या वेळेवर का घेत नाहीस.

त्या गोळ्या! मी तुला सोडणार नाही यावरून, मेलीस तरी. सिकलसेलचं दुखणं आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून काय ते पाहुणा आहे का, आलं तर आलं, गेलं तर गेलं? हाडं दुखायला लागली की भिंतीकडे तोंड करून पडायचीस आणि विचारलं की "नेहमीचंच आहे." त्या सकाळीही हेच. मी रिक्षा दारात उभी केली आणि तू शेवटच्या पानावर वाकलेली. "थांब, हे होऊ दे." रिक्षावाला हॉर्न मारतोय, तुझी बोटं सुजलेली, आणि तू रेघ मारतेस! मी ओरडले तुझ्यावर. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं नीट वाक्य ते ओरडणंच. पुढे नवापूरचा दवाखाना, तिथून सुरतेचा रस्ता, त्याचं मी काही लिहिणार नाही. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि उठलीस, एवढंच मला लिहायचं आहे. कारण आता सगळं त्या पानावर आलंय.

शेवटच्या पानावर पोर मोठी झाली आहे. शेड पुन्हा भरलंय, ती शेडपुढून चाललीय. वरच्या ओळी शाईनं पक्क्या केलेल्या, मधल्या पेन्सिलीत. सगळ्यात खालच्या ओळीच्या चौकटी आखलेल्या आहेत आणि आत काही नाही. रेघ नाही, ठिपका नाही. तुला त्या रिकाम्याच ठेवायच्या होत्या, की रिक्षाचा हॉर्न वाजला म्हणून राहिल्या? मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आपण उद्या भांडणार होतो त्यावर.

साहेबांना मात्र माहीत आहे. रविवारी, चहा झाल्यावर, त्यांनी मला आणि तुझ्या आईला बाजूला घेतलं. म्हणाले, पान अपुरं आहे, पुण्यातली एक चांगली चित्रकार ते पुरं करेल, तुझ्याच शैलीत. मोबाइलवर नमुनाही दाखवला. खालच्या ओळीत पोर थांबते, तोंड उघडते, फुग्यात हाक आहे, आणि शेवटच्या चौकटीत एक पिल्लू तिच्या तळहातावर. पोर हसतेय.

"वाचकाला आशा हवी असते, सविताताई. आणि एस्तेरला हीच श्रद्धांजली होईल."

खोटं कशाला बोलू, इस्ता. चित्र चांगलं होतं. मला आवडलं. मला हेच तर हवं होतं, इतकी वर्षं मी तुझ्या मागे लागले होते ते हेच, कोणीतरी काढून माझ्या हातात दिलं होतं. आणि म्हणूनच माझ्या अंगाची लाही झाली. तुझ्याशी भांडायचा हक्क मी कमावला होता, त्या शेडमध्ये एकटीनं बडबडून. या बाईनं तुला पाहिलंही नाही आणि तिनं तुला गप्प कसं करायचं ते बरोबर ओळखलं. तुझ्या तोंडात शब्द घातला.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती मोबाइलकडे बघत होती. बोट लावून पिल्लू मोठं केलं, मग लहान केलं. म्हणाली, "गोड आहे." मग म्हणाली, "पण हे तिनं नाही ना काढलं." आणि मोबाइल परत दिला. घरी आल्यावर पानांचं बाड तिनं माझ्याकडे दिलं. "त्यांच्याशी तूच बोल. मला तिथं रडू येतं, तुला राग येतो. राग बरा."

काल मी फोन केला. म्हटलं, दुसऱ्या कोणाचा हात पानाला लागणार नाही. पेन्सिलीतलं पेन्सिलीत छापा, रिकामं रिकामं छापा. साहेब खूप वेळ समजावत होते. अपुरं पुस्तक कसं दिसेल, लोक काय म्हणतील, छापणंच कदाचित पुढे ढकलावं लागेल. मी म्हटलं, ढकला. नाही निघालं तर नाही निघालं, फळीनं पाहिलंय ते.

मग ते हळूच म्हणाले, "पण सविताताई, शेवटी तिनं बोललं पाहिजे, हे तुम्हीच तर मला म्हणाला होतात ना? मागच्या खेपेला, ओट्यावर."

हो, म्हणाले होते. तुझ्यासमोरच म्हणाले होते, तू बाजूला बसून पेन्सिलीला टोक करत होतीस. मी साहेबांना म्हटलं, "हो. अजूनही मला तसंच वाटतं. ती चुकत होती असंच वाटतं. पण मी ते तिला सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही. आता ती उत्तर देत नाही, म्हणून मी जिंकले असं होत नाही."

मग म्हणाले, विचार करून कळवतो. कळवू देत. पानं माझ्याकडे आहेत.

तर हे असं झालंय, इस्ता. माझी बाजू बरोबर होती, ती अजून बरोबर आहे, आणि ती मांडायची सोडून मी लोकांशी तुझ्या बाजूनं तंडतेय. फोनवर, मंडपात, तुझ्या ओट्यावर. हे तू जिवंत असतीस तर मी मरेपर्यंत केलं नसतं.